कोनस्टाइनच्या पोटातील कारखाना

जर्मनीच्या मध्यभागी हार्झ पर्वताची रांग आहे. तिच्या दक्षिण पायथ्याशी नोर्डहाउझेन हे जुने शहर आहे आणि शहराला लागूनच कोनस्टाइन नावाची झाडीने झाकलेली टेकडी आहे. उंचीने ती सामान्यच. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात लक्ष वेधून घेणारे काही दिसणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या इतिहासात या टेकडीचे नाव दोन वेगळ्या पानांवर नोंदविलेले आहे. एक पान मानवाच्या अवकाशप्रवासाच्या प्रारंभाचे आहे आणि दुसरे वेठबिगारीने मारल्या गेलेल्या हजारो माणसांचे. ही दोन्ही पाने एकाच पुस्तकातील आहेत, हे मान्य करण्यास जगाने फार वेळ लावला. ११ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्य या टेकडीपाशी पोहोचले, त्याला आता आठ दशके उलटून गेली आहेत. त्या काळकोठडीतून जिवंत सुटलेले साक्षीदार जवळजवळ संपले आहेत. साक्षीदार संपले म्हणजे सोयीस्कर कथांना मोकळे रान मिळते. म्हणूनच कोनस्टाइनच्या पोटात काय घडले आणि त्याचा जाब कोणी दिला, कोणी दिला नाही, याची पुन्हा एकदा उजळणी करणे अगत्याचे आहे.

या टेकडीत निर्जल जिप्समचा खडक आहे. हा खडक घट्ट व कोरडा असतो. त्यात मोठी दालने कोरली तरी त्यांना खांबांचा आधार फारसा द्यावा लागत नाही. १९१७ पासून येथे रासायनिक उद्योगासाठी खाणकाम सुरू झाले. १९३६ मध्ये नाझी राजवटीने या खाणीचा वेगळा उपयोग हेरला. येणाऱ्या युद्धासाठी इंधन व तेलाचा गुप्त साठा ठेवण्याकरिता टेकडीतून दोन समांतर बोगदे खणण्याचे काम हाती घेण्यात आले. प्रत्येकाची लांबी सुमारे १.८ किलोमीटर. ते परस्परांना जोडणारी ४६ आडवी दालने. नकाशावर हे सारे एखाद्या वळणदार शिडीसारखे दिसते. बोगदे इतके रुंद की आगगाडी सरळ आत जाऊ शकेल. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत हे काम बरेच पुढे गेले होते. मात्र पुरे झालेले नव्हते.

त्याच वेळी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर पेनेम्युंडे येथे व्हेर्नर फॉन ब्राऊन आणि त्यांचे सहकारी एका लांब पल्ल्याच्या अग्निबाणावर काम करीत होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी त्याचे पहिले यशस्वी उड्डाण झाले होते. त्याची उंची १४ मीटर, वजन बारा टनांहून अधिक, पल्ला सुमारे ३२० किलोमीटर आणि अग्रभागी जवळजवळ एक टन स्फोटके. तंत्रज्ञ त्याला ए-४ म्हणत. पुढे गोबेल्सच्या प्रचारखात्याने त्याचे नाव व्ही-२, म्हणजे 'सूडास्त्र क्रमांक दोन', असे ठेवले. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाच्या सुमारे सहाशे बॉम्बफेकी विमानांनी पेनेम्युंडेवर हल्ला चढविला. या हल्ल्यात मेलेल्यांत बहुसंख्य परदेशी वेठबिगारच होते. अग्निबाणाचे कर्ते, एखाद-दुसरा अपवाद सोडता, वाचले. पण उत्पादन उघड्यावर ठेवणे यापुढे शक्य नाही हे स्पष्ट झाले. हिटलर, त्याचा शस्त्रास्त्रमंत्री अल्बर्ट स्पेअर आणि एस. एस. संघटनेचा प्रमुख हिमलर यांनी ठरविले की, अग्निबाण जमिनीखाली तयार करावयाचे आणि त्यासाठी छळछावण्यांतील कैदी राबवायचे. निर्णय होऊन फार दिवस लोटले नाहीत तोच, २८ ऑगस्ट रोजी, बुखेनवाल्डच्या छावणीतून १०७ कैद्यांची पहिली तुकडी कोनस्टाइनला येऊन दाखल झाली. या नव्या उपछावणीचे सांकेतिक नाव 'डोरा' होते.

बोगद्यातील सहा महिने

कैद्यांसाठी बराकी बांधण्यास वेळ लागणार होता आणि वेळ घालविण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा कैद्यांना बोगद्यातच कोंडण्यात आले. शेवटच्या काही आडव्या दालनांत चार-चार मजली लाकडी फळ्या ठोकून त्यांच्या झोपण्याची सोय केली गेली. एक पाळी कामावर गेली की दुसरीने त्याच ओल्या, उवांनी भरलेल्या फळ्यांवर अंग टाकायचे. शेजारीच सुरुंग उडत होते. त्यामुळे झोप ही नावालाच. हवेत खडकाची पूड आणि स्फोटाचा धूर. पाण्याचा नळ नाही. शौचासाठी तेलाची पिंपे मधोमध कापून त्यांवर फळी टाकलेली. सूर्यप्रकाश दिसायचा तो आठवड्यातून एकदा, बाहेर हजेरीसाठी उभे केले जाई तेव्हा. १९४३ अखेर अशा अवस्थेत दहा हजारांहून अधिक माणसे त्या टेकडीच्या पोटात होती. त्यांत रशियन, पोलिश आणि फ्रेंच कैद्यांचा भरणा होता. इटालियन युद्धकैदीही होते. पुढे हंगेरीतील ज्यू आणि सिंती व रोमा जमातींचे लोकही आले. फ्रेंच कैद्यांपैकी पुष्कळजण हे प्रतिकार चळवळीतील कार्यकर्ते होते.

मार्च १९४४ संपेपर्यंत यांतील जवळजवळ तीन हजार माणसे तेथेच मेली. आणखी तीन हजार मरणपंथाला लागलेल्या, कामाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरलेल्या कैद्यांना हजाराच्या तीन तुकड्या करून मायदानेक व बेर्गन-बेल्सन येथे पाठवून देण्यात आले. त्यांतले फारच थोडे वाचले. म्हणजे कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या पायात सुमारे सहा हजार माणसे गेली होती. प्रारंभी छावणीला स्वतःची दाहभट्टी नव्हती म्हणून प्रेते ट्रकमध्ये भरून बुखेनवाल्डला नेली जात. छावणीला 'सोय' झाली ती १९४४ च्या वसंतात.

स्पेअर १० डिसेंबर १९४३ रोजी बोगदा पाहून गेला. आठवडाभराने, १७ डिसेंबरला, त्याने बांधकामाचा प्रमुख, एस. एस. अधिकारी हान्स कामलर, याला पत्र लिहून अल्पावधीत हे अपूर्व काम तडीस नेल्याबद्दल त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. हाच स्पेअर वीस वर्षांची शिक्षा भोगून बाहेर आल्यावर १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत लिहितो की, तेथील दृश्य इतके भीषण होते की आपल्या काही सहकाऱ्यांना मनःस्वास्थ्यासाठी रजेवर पाठवावे लागले. पत्र आणि आठवणी शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे सुसंस्कृत माणसाची सदसद्विवेकबुद्धी सत्तेच्या सावलीत कशी वागते, हे कळते. पाहिलेले दिसत होते; लिहिताना मात्र कामाचा वेगच तेवढा लिहिला गेला.

हिशेबाच्या वहीतील माणूस

या सगळ्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. हा प्रकार म्हणजे पिसाट झालेल्या काही पहारेकऱ्यांनी केलेला अत्याचार नव्हता. ती एक रीतसर नोंदविलेली मर्यादित कंपनी होती. तिचे नाव मिटेलवेर्क. तिला व्यवस्थापक होते, हिशेबनीस होते, कंत्राट होते. १२ हजार अग्निबाण, प्रत्येकी ४० हजार मार्क, अशी सरकारची मागणी होती. कैदी हे एस. एस. संघटनेकडून भाड्याने घेतलेले असत. कुशल कामगाराचा दर दिवसाला सहा मार्क, अकुशलाचा चार. हे पैसे अर्थातच कैद्याला मिळत नसत, त्याच्या मालकांना मिळत. जुन्या गुलामगिरीत गुलाम मेला तर मालकाचे भांडवल बुडे, म्हणून तरी त्याला जगविले जाई. येथे ते बंधनही उरले नव्हते. एक मेला तर बुखेनवाल्डहून दुसरा येई. माणसाचे आयुष्य हा कच्च्या मालाचा एक प्रकार झाला होता आणि तो सर्वांत स्वस्त होता.

१९४४ च्या उन्हाळ्यात कैद्यांना बाहेरच्या बराकींत हलविण्यात आले आणि जुळणीच्या कामावरील कैद्यांची स्थिती तुलनेने बरी झाली. कारण शिकवून तयार केलेला माणूस वारंवार बदलणे उत्पादनाला परवडत नव्हते. परंतु आसपास नवे बोगदे खणण्यासाठी ज्या उपछावण्या निघाल्या, तेथे मृत्यूचे तेच चक्र पुन्हा सुरू झाले. ऑक्टोबर १९४४ मध्ये डोरा ही 'मिटेलबाऊ' या नावाने स्वतंत्र छळछावणी झाली. तिच्या हाताखाली सुमारे चाळीस उपछावण्या होत्या. हिटलरचा छायाचित्रकार वाल्टर फ्रेंट्झ याने त्या उन्हाळ्यात बोगद्यात काढलेली रंगीत छायाचित्रे १९९८ मध्ये एका पेटीत सापडली. त्यांत स्वच्छ कपड्यांतील कैदी एकाग्रतेने नाजूक यंत्रभाग जुळविताना दिसतात. छायाचित्रे बनावट नाहीत. पण चौकटीबाहेर काय ठेवले आहे ते ठाऊक नसेल तर ती पूर्णपणे असत्य सांगतात.

कैद्यांनी आपल्या परीने प्रतिकार केला. एखादा जोड कच्चा ठेवायचा, एखादा पेच सैल ठेवायचा, इतकेच त्यांच्या हाती होते. त्याची शिक्षा मृत्यू. मार्च १९४५ मध्ये, युद्ध हरल्याचे सर्वांना कळून चुकले असताना, घातपाताच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातच अग्निबाण उचलण्याच्या यारीला ओळीने लटकावून फाशी देण्यात आले. खालून इतर कैद्यांना आणि जर्मन कर्मचाऱ्यांनाही ये-जा करावी लागत होती. त्या काळात बोगद्यात काम करणारा कोणीही यानंतर 'मला काही ठाऊक नव्हते' असे म्हणू शकत नाही.

आणि एवढे करून साधले काय? कोनस्टाइनमधून सहा हजारांच्या आसपास व्ही-२ बाहेर पडले. ८ सप्टेंबर १९४४ पासून मार्चअखेरपर्यंत त्यांपैकी सुमारे तीन हजार डागण्यात आले, मुख्यतः लंडन व बेल्जियममधील अँटवर्प या शहरांवर. २५ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनच्या न्यू क्रॉस भागात एका गजबजलेल्या दुकानावर एक अग्निबाण पडून १६८ माणसे ठार झाली. १६ डिसेंबरला अँटवर्पमधील रेक्स चित्रपटगृहात भर खेळात ५६७ प्रेक्षक मारले गेले. ही हानी क्षुल्लक लेखण्याचे कारण नाही. परंतु या तीन हजार अग्निबाणांनी मिळून जेवढी स्फोटके टाकली, त्याहून अधिक दोस्तांच्या विमानांनी फेब्रुवारी १९४५ मध्ये दोन-तीन दिवसांत एकट्या ड्रेस्डेनवर टाकली. युद्धाच्या निकालावर व्ही-२ चा काडीइतकाही परिणाम झाला नाही. डोंगर पोखरून उंदीर काढणे ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. फक्त डोंगर पोखरणारे हात माणसांचे होते. व्ही-२ च्या माऱ्यात सुमारे पाच हजार माणसे मेली. मिटेलबाऊ-डोराच्या छावण्यांतून जी साठ हजार माणसे गेली, त्यांपैकी वीस हजारांच्या आसपास मेली आणि त्यांतील निदान दहा हजार मृत्यूंचा संबंध व्ही-२ च्या उत्पादनाशी जोडता येतो, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. ज्याच्या माऱ्यापेक्षा ज्याच्या निर्मितीतच अधिक माणसे मेली असे शस्त्र म्हणून व्ही-२ ची ओळख आहे.

जेत्यांची घाई

एप्रिल १९४५ च्या पहिल्या आठवड्यात एस. एस. ने छावणी रिकामी करण्यास प्रारंभ केला. कैद्यांना मालगाड्यांत कोंबून किंवा पायी हाकलीत उत्तरेकडे नेण्यात आले. १३ एप्रिलला गार्डेलेगेन गावाबाहेर एका धान्याच्या कोठारात एक हजाराहून अधिक कैद्यांना कोंडून आग लावण्यात आली. त्यांत मिटेलबाऊच्या उपछावण्यांतले पुष्कळजण होते. नोर्डहाउझेनमध्ये ज्या लष्करी बराकीत आजारी कैदी मरण्यासाठी टाकून दिले होते, तीवर ३ व ४ एप्रिलच्या ब्रिटिश हवाई हल्ल्यांत बॉम्ब पडले आणि सुटकेच्या उंबरठ्यावर असलेले शेकडो लोक प्राणांस मुकले. ११ एप्रिलला अमेरिकन सैनिक आले तेव्हा त्यांना तेथे प्रेतांचे ढीग आणि प्रेतवत झालेली काही जिवंत माणसे दिसली. अमेरिकनांनी शहरातील पुरुषांना ही प्रेते वाहून नेण्यास व पुरण्यास लावले. टेकडीच्या आड काय चालले आहे याची आपणास कल्पना नव्हती, असे तेव्हा त्यांतील अनेकांनी सांगितले. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतील कैदी दीड वर्ष याच शहरातून ये-जा करीत होते.

बराकीतल्या प्रेतांनी अमेरिकन सैनिक हादरले, पण त्यांच्या वरिष्ठांची नजर बोगद्यातील सुट्या भागांवर होती. हा प्रदेश करारानुसार रशियाच्या वाट्याला जायचा होता. म्हणून मेअखेर घाईघाईने सुमारे शंभर अग्निबाणांची सामग्री आगगाड्यांत भरून अँटवर्पला नेण्यात आली. ज्या शहरावर हे अग्निबाण सर्वांत अधिक पडले होते त्याच शहराच्या बंदरातून ते जहाजांवर चढले आणि अमेरिकेला गेले. जुलैमध्ये रशियन आले. त्यांनी उरलेसुरले गोळा केले, जवळच्याच ब्लाइखेरोडे गावात जर्मन तंत्रज्ञांची संस्था चालविली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये त्या तंत्रज्ञांना कुटुंबांसह रशियात नेले. १९४८ मध्ये कोनस्टाइनच्या बोगद्यांची तोंडे सुरुंग लावून बुजविण्यात आली.

सोव्हिएत अग्निबाणाचा शिल्पकार सेर्गेई कोरोलेव्ह हा त्या वेळी जर्मनीत येऊन हे काम पाहत होता. तो स्वतः १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांकडून पकडला गेला होता, कोलिमाच्या श्रमछावणीत राबला होता आणि सुटून पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. एका हुकूमशाहीच्या वेठबिगाराने दुसऱ्या हुकूमशाहीच्या वेठबिगारांनी जुळविलेले यंत्र उलगडावे आणि त्यातून पहिला सोव्हिएत अग्निबाण सिद्ध व्हावा, असा हा योग होता. वॉशिंग्टन आणि मॉस्को यांचे बाकी कशावर एकमत नव्हते. पण कोनस्टाइनचे यंत्र घ्यायचे आणि ज्यांनी ते जुळविले त्यांच्याविषयी मूग गिळून बसायचे, या एका गोष्टीवर दोघांचे न बोलता मतैक्य झाले.

न्याय कोणाला मिळाला?

डाखाऊ येथे ऑगस्ट ते डिसेंबर १९४७ या काळात अमेरिकन लष्करी न्यायालयात डोरा खटला चालला. आरोपी १९. एकाला फाशी झाली, चौघे निर्दोष सुटले. आरोपी बहुतेक पहारेकरी, एस. एस. चे अधिकारी व मुकादम होते. कंपनीच्या व्यवस्थापनापैकी एकटा महाव्यवस्थापक गेओर्ग रिकहाय आरोपी होता आणि तो सुटला. या खटल्यात अग्निबाणाचे अभियंते आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. ते तोवर टेक्सासमध्ये अमेरिकन लष्कराच्या सेवेत रुजू झाले होते. कट्टर नाझींना प्रवेश नाही, असा अध्यक्ष ट्रुमन यांचा आदेश होता. तो अडचणीचा ठरू लागला तेव्हा ज्यांना आणायचे होते त्यांच्या कागदपत्रांतील प्रतिकूल शेरे सौम्य करण्यात आले.

आर्थर रुडॉल्फ याचे उदाहरण बोलके आहे. तो १९३१ पासून नाझी पक्षाचा सभासद. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे कोनस्टाइनचा निर्णय होण्यापूर्वीच, त्याने ओरानिएनबुर्गच्या विमान कारखान्यात कैद्यांचे श्रम कसे वापरतात हे पाहून पेनेम्युंडेतही तसेच करावे, असा अनुकूल अहवाल दिला. मिटेलवेर्कमध्ये तो उत्पादनाचा प्रमुख होता. याला नजरकैदेत ठेवावे, अशी शिफारस १९४५ मध्ये एका अमेरिकन अधिकाऱ्याने केली होती. त्याऐवजी तो अमेरिकेत आला, नागरिक झाला आणि चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाच्या कार्यक्रमाचा व्यवस्थापक झाला. १९८४ मध्ये अमेरिकन न्यायखात्याच्या चौकशीला सामोरे जाण्याऐवजी त्याने नागरिकत्व सोडले व तो जर्मनीला परतला.

फॉन ब्राऊन याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तो एस. एस. मध्ये मेजरच्या दर्जाचा अधिकारी होता; मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने त्याला काही दिवस अटकही केली होती. तो बोगद्यात अनेकदा येऊन गेला होता. १५ ऑगस्ट १९४४ चे त्याचे एक पत्र उपलब्ध आहे. कुशल कैदी निवडण्यासाठी आपण बुखेनवाल्डला गेलो होतो आणि त्यांच्या बदलीविषयी तेथील प्रमुखाशी बोलणे केले, असे त्यात तो मिटेलवेर्कच्या अधिकाऱ्याला कळवितो. डोराच्या तीन एस. एस. अधिकाऱ्यांवर पश्चिम जर्मनीत एसेन येथे १९६७ ते १९७० खटला चालला, तेव्हा फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यू ऑर्लिअन्सच्या जर्मन वकिलातीत त्याची साक्ष झाली. परिस्थिती वाईट होती, पण जबाबदारी आपली नव्हती, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी जुलैमध्ये अपोलो-११ चंद्रावर गेले. ऑक्टोबरमध्ये ते तीन चांद्रवीर मुंबईला आले तेव्हा त्यांना पाहण्यासाठी रस्त्यांवर लोटलेली गर्दी जुन्या वाचकांना स्मरत असेल. त्या आनंदात अप्रामाणिक काही नव्हते. पण त्या अग्निबाणाची वंशावळ कोनस्टाइनपर्यंत जाते, ही माहिती त्या गर्दीला कोणी दिली नव्हती.

तीन युक्तिवाद

या अभियंत्यांच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. त्यांचा शांतपणे विचार झाला पाहिजे.

पहिला युक्तिवाद असा की ते केवळ तंत्रज्ञ होते, छावणी एस. एस. ची होती. हे अर्धसत्य आहे. कैद्यांना चाबूक मारणारा हात एस. एस. चा होता हे खरे. पण किती कैदी हवेत, कोणत्या कामावर हवेत, किती वेगाने हवेत, ही मागणी कारखान्याकडून येत असे. रुडॉल्फचा अहवाल आणि फॉन ब्राऊनचे पत्र हे आज्ञापालनाचे कागद नाहीत, पुढाकाराचे कागद आहेत. मागणी आपण करायची आणि पुरवठा कसा होतो ते विचारायचे नाही, ही नामानिराळे राहण्याची जगातली सर्वांत जुनी युक्ती आहे.

दुसरा युक्तिवाद असा की त्यांना नकार देणे शक्य नव्हते. दिला असता तर तेच छावणीत गेले असते. हुकूमशाहीत धैर्य किती महाग असते ते तिच्याबाहेर राहणाऱ्यांनी हलकेपणाने बोलू नये, हे मान्य केले पाहिजे. तथापि, ज्या बोगद्यात उपाशी कैदी फाशीची भीती असताना जोड कच्चा ठेवीत होते, त्याच बोगद्यात पोटभर जेवणारे अभियंते दुसरे काहीच करू शकत नव्हते, हे पटणे कठीण आहे. आणि भीतीचा मुद्दा १९४५ पर्यंतचा. त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांत सत्य सांगण्यास त्यांना कोणाची भीती होती? युद्धकाळातील वर्तनाला भीतीची सबब असू शकते. युद्धोत्तर मौनाला केवळ सोयीची आहे.

तिसरा युक्तिवाद सर्वांत मोहक आहे. जे झाले ते झाले. पण त्यातून उपग्रह आले, मानवाचे पाऊल चंद्रावर पडले, दळणवळण बदलले. फॉन ब्राऊन १९७२ नंतर ज्या कंपनीत गेला, तिने बांधलेल्या उपग्रहावरूनच १९७५-७६ मध्ये भारतातील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. तेव्हा आपणही या फळाचे वाटेकरी आहोत. फळ नाकारण्याचे कारण नाही. ज्ञानाला जन्माचा विटाळ लागत नाही. तसे मानले तर औषधशास्त्रापासून भूगोलापर्यंत कोणतेच शास्त्र शिल्लक राहणार नाही. पण फळ गोड आहे म्हणून झाडाच्या मुळाशी काय पुरले आहे ते सांगू नये, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय कोनस्टाइनच्या कैद्यांनी चंद्रासाठी प्राण दिले नव्हते. लंडनच्या दुकानांवर पडणाऱ्या शस्त्रासाठी त्यांचे प्राण घेतले गेले होते. पुढे काय झाले त्यावरून आधीच्या कृत्याला माफी मिळू लागली, तर यशस्वी माणसाचा कोणताच गुन्हा गुन्हा ठरणार नाही.

स्मरणाचे कर्तव्य

स्मरणाच्या बाबतीत जर्मनीनेही प्रथम चालढकलच केली. पूर्व जर्मनीत १९६४ मध्ये डोरा येथे स्मारक झाले. पण तेथे कम्युनिस्ट प्रतिकाराचा गौरव अधिक आणि रशियाने नेलेल्या सामग्रीविषयी मौन, असा प्रकार होता. पश्चिमेत अग्निबाणाचा गौरव आणि छावणीविषयी मौन. जर्मनी एक झाल्यानंतर, १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्या व्ही-२ उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव पेनेम्युंडे येथे साजरा करण्याचा घाट तेथील विमानउद्योगाने घातला. ब्रिटनमधून संतापाची लाट उसळली तेव्हा तो बेत सोडून द्यावा लागला. १९९५ मध्ये नवा मार्ग खणून बोगद्याचा एक भाग लोकांसाठी खुला झाला. आत अजून गंजलेल्या सांगाड्यांचे ढीग पडलेले आहेत. खालच्या भागात पाणी भरलेले आहे. २००६ पासून तेथे संग्रहालय आहे. २००० साली जर्मन सरकार व उद्योग यांनी मिळून दहा अब्ज मार्कांचा निधी उभारला आणि २००७ पर्यंत साडेसोळा लाखांहून अधिक माजी वेठबिगारांना भरपाई दिली. युद्ध संपून तोवर सहा दशके झाली होती. भरपाई घेण्यास जे जिवंत होते त्यांनाच ती मिळाली.

हे उशिराने झाले, अपुरे झाले. तरी झाले, याचे श्रेय दिले पाहिजे. त्यामागे राज्यकर्त्यांपेक्षा फ्रान्समधील वाचलेल्या कैद्यांचा वाटा मोठा आहे. जाँ मिशेल यांनी १९७५ मध्ये डोरावरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले ते याच असह्य भावनेतून, की चांद्रविजयाच्या जल्लोषात आपल्या मेलेल्या सोबत्यांचा उल्लेख कोणी करीत नाही. त्यांनी सूड मागितला नव्हता, नोंद मागितली होती.

ही मागणी साधी आहे आणि तिचा संबंध केवळ जर्मनीशी नाही. प्रत्येक राष्ट्राला आपल्या तांत्रिक पराक्रमाचा अभिमान असतो व तो असावाही. धरणे, बोगदे, कारखाने, क्षेपणास्त्रे यांच्या उद्घाटनाच्या कोनशिलांवर मंत्र्यांची व अभियंत्यांची नावे कोरली जातात. काम कोणाच्या हातांनी झाले, कोणत्या अटींवर झाले आणि त्यात किती जण गेले, याची नोंद ठेवण्याची प्रथा मात्र जगात जवळपास कोठेच नाही. छळछावणी ही टोकाची अवस्था आहे. तिची तुलना ऊठसूट कशाशीही करणे हा मृतांचा अपमान होईल. परंतु तिच्याकडे नेणारी पहिली पायरी फार परिचयाची आहे. 'काम वेळेत पुरे झाले पाहिजे, कसे ते आम्हाला सांगू नका' हे वाक्य कोणत्याही देशात, कोणत्याही राजवटीत ऐकू येते. स्पेअरच्या पत्रात नेमके हेच वाक्य सभ्य भाषेत लिहिलेले आहे.

अमेरिकेतील हंट्सव्हिल शहरात फॉन ब्राऊनच्या नावाचे भव्य सभागृह आहे. ते पाडावे असे म्हणण्याचे कारण नाही. नावे पुसल्याने इतिहास शुद्ध होत नाही, तो फक्त पुसट होतो. मात्र अवकाशयुगाचा इतिहास मुलांना शिकविताना तो पेनेम्युंडेवरून एकदम चंद्रावर उडी मारीत असेल, तर मधले एक स्थानक जाणूनबुजून गाळले आहे असे म्हणावे लागेल. त्या स्थानकाचे नाव कोनस्टाइन. तेथे साठ हजार माणसे उतरली आणि वीस हजार परतली नाहीत. अग्निबाणाच्या इतिहासात त्यांची नोंद तळटीपेत नव्हे, मुख्य मजकुरात झाली पाहिजे. एवढे त्यांचे देणे अजून बाकी आहे.